दवाखाना, डिपॉझिट आणि आपलं घर

मेडशीत कुणाच्या घरी दुखणं वाढलं की पहिला प्रश्न ‘काय झालं?’ हा नसतो. ‘वाशिमला न्यायचं की अकोल्याला?’ हा असतो. आणि या प्रश्नाच्या पोटात दुसरा दडलेला असतो, सरकारीत की खासगीत? घरातले मोठे एकमेकांकडे बघतात, कुणीतरी जीपवाल्याला फोन लावतं, आणि घरातली बाई कुणालाही न सांगता आतल्या खोलीत जाऊन पेटी उघडते. पेटीत काय उरलं आहे ते तिलाच माहीत असतं.

आमचं गाव अकोला-वाशिम रस्त्यावर, मालेगाव तालुक्यात. उत्तरेला पातूरचा घाट उतरला की अकोला, दक्षिणेला मालेगाव आणि पुढे वाशिम. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तापाला, लसीला, साध्या बाळंतपणाला ते उपयोगी पडतं, आणि तिथल्या परिचारिका व आशाताई जे करतात त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पण हातपाय गार पडले, बाळ आडवं आलं, छातीत कळ आली, की गाडीत बसावंच लागतं. मग ती गाडी बहुतेक वेळा एखाद्या खासगी दवाखान्याच्या काचेच्या दारापुढे थांबते. असं का होतं आणि तिथे गेल्यावर आपल्या घराचं काय होतं, यावर आपल्या मासिकातून एकदा मोकळेपणाने बोलावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी पैशांचा हिशेब मांडू. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीची आरोग्यावरची फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झाली. बाळंतपणं सोडून ग्रामीण भागातल्या माणसाला एकदा दवाखान्यात भरती व्हायला सरासरी किती खर्च आला, याची नोंद त्यात आहे. सरकारी दवाखान्यात ४,२९० रुपये, खासगीत २७,३४७ रुपये. म्हणजे सहापटीहून जास्त. तरीही खेड्यांतल्या भरतीपैकी निम्म्याहून थोड्या जास्त भरती खासगीतच झाल्या होत्या. शहरी नव्हे, खेड्यातल्या माणसाची ही गोष्ट आहे.

सत्तावीस हजार हा आकडा नोकरदाराला मोठा वाटणार नाही. आपण तो सोयाबीनमध्ये मोजू. त्या वर्षी, २०१७-१८ ला, सोयाबीनचा हमीभाव बोनस धरून क्विंटलला ३,०५० रुपये होता. म्हणजे एका भरतीला नऊ क्विंटल सोयाबीन. आमच्या भागात कोरडवाहू एकरात पाच-सहा क्विंटल पिकलं तरी माणूस अल्लाहचे शुक्र मानतो, आणि हमीभाव बाजारात मिळतोच असं नाही. बियाणं, फवारणी, काढणीचा खर्च बाजूला ठेवला तरी दीड-दोन एकरांचं सगळं पीक एका दुखण्यात गेलं. ज्याच्याकडे शेत नाही, जो गवंडीकाम करतो, गॅरेजमध्ये आहे, फळांची गाडी लावतो, त्याने काय मोजायचं? तो बीसी उचलतो, बायकोच्या कानातलं गहाण टाकतो, नाहीतर मोठ्या मुलाला बारावीनंतर ‘एक साल रुक जा बेटा’ असं सांगतो. आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे ही शेवटची गोष्ट आम्हाला हजेरीपटावर दिसते. पोरगं यायचं बंद होतं. विचारलं की कळतं, दादीचं ऑपरेशन झालं.

मग लोक खासगीत जातात तरी कशाला? शहरातल्या लेखांत याचं उत्तर ‘अडाणीपणा’ असं असतं. आम्हाला ते पटत नाही. रात्री दोन वाजता दार वाजवलं तर खासगी दवाखान्यात कुणीतरी उठून येतं. डॉक्टर तिथेच वरच्या मजल्यावर राहतो. सोनोग्राफीची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळत नाही. बुरख्यातल्या बाईला ‘ए, तिकडे उभी राहा’ असं कुणी म्हणत नाही, किंवा निदान पैसे भरेपर्यंत तरी म्हणत नाही. इज्जतीने बोलणं ही आपल्या बायकांना फार मोठी गोष्ट वाटते, आणि ती वाटणं चूक नाही. तालुक्याच्या ठिकाणी नवरा-बायको दोघं डॉक्टर असलेला दहा-पंधरा खाटांचा दवाखाना नसता, तर गेल्या वीस वर्षांत या पट्ट्यात किती माता आणि किती साप चावलेले शेतकरी रस्त्यातच गेले असते, हेही विसरता येणार नाही. शिवाय आपल्याच गावांतल्या किती मुली तिथे नर्स म्हणून, रिसेप्शनला, लॅबमध्ये कामाला आहेत. पगार तुटपुंजा असतो, पण तो घराला लागतो.

तेव्हा सगळे खासगी दवाखाने एकाच तराजूत घालू नयेत. डॉक्टर जोडप्याचा दवाखाना वेगळा. त्याला गावात राहायचं असतं, ईदला शीरखुर्म्याला बोलावणं असतं, बिलात हजार रुपये सोडावे लागतात. पण मोठ्या शहरांत आता दवाखान्याची मालकीच बदलते आहे. चेन्नईत १९८३ साली अपोलो सुरू झालं, तिथून आपल्या देशात कंपनीच्या दवाखान्याची सुरुवात धरली जाते. शेअर विकून भांडवल उभं करायचं, त्यावर दवाखाना बांधायचा, आणि नफा भागधारकांना द्यायचा. आज त्याच्याही पुढची पायरी आली आहे. पुणे, नाशिक, कराड, अहिल्यानगर इथे दवाखाने असलेला सह्याद्री हा समूह एका न्यूरोसर्जनने उभा केला. तो आधी एका गुंतवणूक कंपनीकडे गेला, २०२२ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने विकत घेतला, आणि २०२५ मध्ये मणिपाल समूहाने त्या फंडाकडून घेतल्याचं जाहीर झालं. हे वाचून आम्ही शिक्षक मंडळी स्टाफ रूममध्ये बराच वेळ गप्प होतो. सात समुद्रापलीकडे आमच्यासारखाच खडू धरलेला एखादा मास्तर निवृत्त होणार, आणि त्याच्या पेन्शनचा एक कण नाशिकच्या एखाद्या आजीच्या बिलातून येणार! यात बेकायदा काहीही नाही. त्या मास्तरचा तर मुळीच दोष नाही. पण पैसा इतक्या लांबचा झाला की बिलात हजार रुपये कमी करा म्हणून कुणाला सांगायचं, हा प्रश्न उरतो.

आता बिलाकडे वळू. आपण डॉक्टरच्या फीवर चिडतो, पण पैसा बहुतेक वेळा दुसरीकडे जात असतो. औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. औषधं, सुया-नळ्यांसारखं साहित्य आणि तपासण्या मिळून बिलाचा जवळजवळ निम्मा भाग होता, आणि काही वस्तूंवर खरेदी किमतीच्या तुलनेत १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतला गेला होता. छापील किमतीपेक्षा जास्त कुणी घेतलं नव्हतं. छापील किंमतच मुळात फुगवून छापून घेतलेली असते, आणि मोठा दवाखाना घाऊक घेतो म्हणून त्याला ती वस्तू फार स्वस्त पडते. याच प्राधिकरणाने त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, हृदयाच्या स्टेंटवर कमाल किंमत बांधली: साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये. त्याआधी हाच औषधाचा स्टेंट लाखाच्या वर विकला जात होता. एका आदेशाने किंमत खाली येऊ शकते, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं.

दवाखान्याच्या आवारातल्या मेडिकलमधूनच औषध घ्या, अशी सक्ती करता येत नाही. तसा फलक दवाखान्यांतल्या औषध दुकानांनी दिसेल असा लावावा, असं महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. शहरात गेलात तर हा फलक शोधा. आमच्या पाहण्यात आला तेव्हा तो दाराच्या मागे होता, दार उघडं असताना दिसत नव्हता.

मग येते कट प्रॅक्टिस. हा शब्द आता मराठीच झाला आहे. गावातला डॉक्टर शहरातल्या दवाखान्यात रुग्ण पाठवतो आणि त्याबदल्यात पाकीट येतं. कधी जीपवाल्यालाही येतं. म्हणून ‘उधर मत जाओ भाई, इधर अच्छा है’ असा सल्ला कोण देतो आहे, ते पाहून घ्यावं. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांशी बोलून त्यांचे अनुभव पुस्तकरूपाने मांडले आहेत. प्रामाणिक डॉक्टरलाच या व्यवहारात टिकणं कसं अवघड होतं, ते त्यात डॉक्टरांच्याच तोंडून आलं आहे. २०१७ मध्ये मुंबईतल्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने ‘आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही’ अशा अर्थाचे फलक लावले, तर काही डॉक्टरच रागावले! त्याच वर्षी राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मसुदा झाला. त्याचा कायदा काही झाला नाही.

भगिनींनी पुढचा भाग लक्ष देऊन वाचावा अशी विनंती आहे.

नफ्याचा दवाखाना आणि गरीब वस्ती यांची गाठ पडली की काय होऊ शकतं, याचं आपल्या राज्यातलं सर्वांत कडू उदाहरण बीडचं आहे. तिथल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे सहांत एक. बहुतांश ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत झाली होती, आणि अनेकींचं वय चाळिशीच्या आत होतं.

हे कसं घडतं, ते समजून घ्यायला हवं. बाई पाच-सहा महिने उसाच्या फडात असते. तिथे संडास नाही, पाणी नाही, पाळीत विश्रांती नाही. एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. अंगावरून जाणं, पोटात दुखणं हे चालूच. ती सोनोग्राफी करून घेते. डॉक्टर म्हणतो, ‘पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ बाई विचार करते: मुलं झाली, पाळीचा त्रास जाईल, खाडा टळेल. कर्ज काढून ती पिशवी काढते. पुढे कंबर धरते, हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, आणि ती उचल फेडण्यासाठी पुन्हा फडातच जाते. इथे डॉक्टरने पिस्तूल दाखवलेलं नाही. बाईनेच सही केली आहे. तिच्या अडचणीत आणि त्याच्या नफ्यात एक जोड तयार झाला, इतकंच. छत्तीसगडमध्ये आणि बिहारमध्ये २०१२ च्या सुमारास असंच उघडकीला आलं होतं. तिथे तर गरिबांसाठीच्या सरकारी विमा कार्डावर पैसे उचलण्यासाठी ऑपरेशनं झाल्याचे आरोप होते. म्हणजे कार्ड हातात आलं की बाई सुरक्षित झाली, असंही समजू नये.

सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना गर्भाशय काढण्याबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. चाळीस वर्षांखालच्या बाईचं गर्भाशय काढायचं तर जास्त काळजी घ्यावी, हा त्यातला एक भाग. आपल्या घरात ‘पिशवी काढा’ असा सल्ला मिळाला तर घाई करू नका. रक्त थांबत नसेल, जीव धोक्यात असेल, तर गोष्ट वेगळी. नाहीतर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, शक्यतो सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये, जिथे ऑपरेशन करण्यात कुणाचा फायदा नाही. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी ज्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं त्यांत वाशिमही होतं. ‘लोग क्या कहेंगे’ म्हणून आपल्या बायका हे दुखणं सांगतच नाहीत, आणि सांगतात तेव्हा थेट ऑपरेशनच्या टेबलावर असतात. सासूने आणि नणंदेने हे वाचलं तर आम्हाला अधिक बरं वाटेल.

सिझेरियनचंही असंच आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझेरियन होती, खासगीत ४७.४ टक्के. अवघड बाळंतपणं खासगीत जास्त जातात म्हणून थोडा फरक पडेल, हे मान्य. पण तिपटीचा फरक? सिझेरियनने आया वाचतात, बाळं वाचतात, त्याची भीती मनात धरू नये. मात्र सातव्या महिन्यातच ‘तुमचं सिझर होणार’ असं सांगून तारीख दिली तर कारण विचारावं. विचारलं म्हणून डॉक्टरचा अपमान होत नाही.

आता ‘धर्मादाय’ या शब्दाबद्दल. आपल्याला वाटतं, दवाखाने दोनच प्रकारचे, सरकारी आणि नफ्याचे. मध्ये तिसरा प्रकार आहे, ट्रस्टचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. शिवाय एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत टाकायची असते. वर्षाचं उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालयं आहेत, आणि मुंबई-पुण्यातली कितीतरी पंचतारांकित दिसणारी नावं त्यात आहेत. या ट्रस्टांना जमीन, कर, पाणीपट्टी अशा कुठल्या ना कुठल्या सवलती मिळालेल्या असतात. म्हणजे त्या खाटांचे पैसे समाजाने आधीच भरलेले आहेत. तिथे हात पसरायचा नसतो, आपलं मागायचं असतं.

पण दारावर ‘धर्मादाय’ लिहिलं म्हणून आतला कॅश काउंटर धर्मादाय होत नाही. मार्च २०२५ च्या अखेरीस पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात जुळी बाळं पोटात असलेल्या एका महिलेच्या घरच्यांकडे दहा लाख रुपये डिपॉझिट मागितलं गेलं, असा आरोप झाला. ती दुसऱ्या दवाखान्यात बाळंत झाली आणि पुढे तिचा मृत्यू झाला. राज्यभर संताप उसळला, चौकशी समित्या नेमल्या गेल्या, आणि तातडीच्या रुग्णांकडून यापुढे डिपॉझिट घेणार नाही असं रुग्णालयाने जाहीर केलं. त्या घरात शिकलेली, ओळखीपाळखीची माणसं होती. मेडशीच्या माणसाची ओळख तर पातूरच्या फाट्यापलीकडे संपते.

खरं तर तातडीच्या रुग्णाला पैशांसाठी किंवा पोलिसांच्या कागदासाठी थांबवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं आहे. सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं काम. राज्याच्या नर्सिंग होम नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. रुग्णांच्या हक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावणं त्यानुसार बंधनकारक आहे. तक्रार असेल तर तालुक्याच्या माणसाने जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

एक गोष्ट आपल्या घरांना विशेष लागते. मय्यत झाली की दफन लवकर व्हावं असं आपल्यात असतं. अशा वेळी बिलासाठी पार्थिव अडवलं तर घरच्यांची काय अवस्था होते ते सांगायला नको. त्या घाईत माणूस कुठल्याही कागदावर सही करतो, कुणाकडूनही उसने घेतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवलेल्या रुग्णहक्क सनदेत स्पष्ट म्हटलं आहे की बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा पार्थिवाला अडवून ठेवता येत नाही. दवाखान्याला पैसे वसूल करायचे तर त्याला कायद्याचे दुसरे मार्ग आहेत. देणं बुडवा असं आम्ही म्हणत नाही. कर्ज ठेवून जाणं आपल्याकडे किती वाईट मानलं जातं ते सगळे जाणतात. पण दफन आधी, हिशेब नंतर.

कोरोनाच्या काळात सरकारने ठरवलं तर काय करता येतं, तेही दिसलं. मे २०२० मध्ये राज्याने खासगी दवाखान्यांतल्या ८० टक्के खाटा आपल्या दरांखाली आणल्या. जून २०२१ मध्ये शहराच्या आकाराप्रमाणे वेगळे दर झाले. आमच्यासारख्या भागात साध्या वॉर्डाला दिवसाचे २,४०० रुपये, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाला ५,४००. ते दर सगळीकडे पाळले गेले नाहीत, लेखापरीक्षकांनी कितीतरी बिलं कमी करून दिली. साथ ओसरली आणि दरपत्रकही गेलं.

या भागातल्या एका डॉक्टरसाहेबांशी आम्ही या विषयावर बराच वेळ बोललो. त्यांनी चहा पाजला आणि आपली वही उघडली. मशीनचा हप्ता, जनरेटरचं डिझेल, चोवीस तास तीन पाळ्यांची माणसं, जैविक कचऱ्याचे पैसे, अग्निशमनचा दाखला. “सर, सरकारी योजनेचे पैसे चार-चार महिने येत नाहीत. पेशंट समोर असतो, मी काय करू?” असं ते म्हणाले. दुसरं म्हणजे खासगी मेडिकल कॉलेजात लाखो रुपये भरून डॉक्टर झालेला मुलगा ते पैसे कुठून काढणार? त्यांचं म्हणणं आम्ही खोडू शकलो नाही. फक्त इतकंच विचारलं, की दरपत्रक भिंतीवर का नाही. ते हसले आणि म्हणाले, लावतो. अजून लागलेलं नाही.

योजनेचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. १ जुलै २०२४ पासून ती कुठल्याही रंगाच्या रेशनकार्डाला लागू आहे, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. पांढरं कार्ड असलेले आमचे शिक्षक मित्र अजून समजतात की ही गरिबांची योजना आहे. यादीतल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. काउंटरवर पैसे भरण्याआधी त्याला गाठायचं. रेशनकार्ड आणि आधार पुरतं. ठरलेल्या ऑपरेशनचा, औषधांचा, तपासण्यांचा, जेवणाचा आणि घरी परतण्याच्या भाड्याचा खर्च त्यात येतो. साधा ताप आणि दोन दिवसांची सलाईन यात बसत नाही. त्यासाठी आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय आहे, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसुद्धा मोफत आहे. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे, फुकट आहे, तिला जीपवाल्यासारखं कमिशन नसतं.

हे सगळं सांगायला आम्हाला एक कारण आहे. मस्जिदीत जुम्याला नमाजनंतर कुणीतरी उभं राहतं आणि सांगतं, अमुक भाईंची तब्येत खराब आहे, दवाखान्याचं बिल इतकं झालं आहे, मदत करा. रुमाल पसरला जातो. जो मजूर दिवसाला चारशे कमावतो तोही पन्नासची नोट टाकतो. रमजानमध्ये जकातीचा मोठा हिस्साही आता याच कामी जातो. पूर्वी याच पैशातून विधवेचं घर शाकारलं जायचं, यतीम मुलांची फी भरली जायची. गेल्या काही वर्षांत जमलेला पैसा गावातून उठतो आणि सरळ शहरातल्या कॅश काउंटरवर जातो, आणि त्यातल्या कितीतरी दुखण्यांना योजनेतून पैसे मिळाले असते. कुणी विचारलंच नाही. रुग्ण भरती झाल्यावर, डिपॉझिट भरल्यावर, तिसऱ्या दिवशी रेशनकार्ड शोधायला माणूस गावी येतो, आणि तोवर ‘आता नाव बसत नाही’ असं उत्तर तयार असतं.

इतिहासात रस असलेल्यांसाठी एक आठवण. कैरोमध्ये सुलतान कलाऊनने १२८४ मध्ये बांधलेला मन्सुरी बिमारिस्तान वक्फच्या उत्पन्नावर चालायचा. इतिहासकार सांगतात की तिथून बऱ्या होऊन निघणाऱ्या गरीब रुग्णाच्या हातावर थोडे पैसे ठेवले जात, लगेच मजुरीला जावं लागू नये म्हणून. दवाखान्यातून निघताना पैसे मिळण्याची गोष्ट आमच्या सातवीच्या मुलांना सांगितली तर ती हसायला लागली. त्यांना वाटलं सर चुकून उलटं बोलले.

आमच्या गावात एवढं केलं आहे. शाळेतल्या नववीच्या मुलींनी अकोला आणि वाशिममधल्या योजनेतल्या दवाखान्यांची नावं, तिथे कुठले आजार घेतात ते, आणि योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ असं उर्दू आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून काढलं. एक कागद मस्जिदीच्या वुजूखान्याजवळ, एक रेशन दुकानात, एक जीपच्या थांब्यावर लावला. ज्यांच्या रेशनकार्डावर नव्या सुनेचं किंवा लहान मुलाचं नाव चढलेलं नाही त्यांची यादी वेगळी केली. ती त्रेचाळीस घरांची निघाली. त्यांतल्या अठरांचं काम तहसीलमध्ये झालं आहे, बाकीच्यांचे जन्मदाखले नाहीतर लग्नाचे कागद अडले आहेत. जीपच्या थांब्यावरचा कागद दोनदा फाडला गेला. कुणी फाडला ते कळलं नाही, मुलींनी तिसऱ्यांदा लावला आहे. आणि गेल्या महिन्यात यादीतला एक दवाखाना योजनेतून बाहेर पडल्याचं समजलं, त्यामुळे तिन्ही कागदांवर ते नाव खोडून खाली तारीख घातली आहे.